पोरगी दिवसातून चाळीस वेळा ऑक्सिमीटर लावते

हळकुंड | सोमवार, १४ जून २०२१, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृती आणि राजकारण वाचून गप्प बसणारा माणूस. धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

सांगलीत राहतो, मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. मुलगी सोळा वर्षांची, यंदा दहावी. म्हणजे दहावी 'झाली', परीक्षा एप्रिलमध्ये रद्दच केली. त्याच एप्रिलमध्ये मी आणि बायको दोघेही कोरोना पॉझिटिव्ह आलो. बेड मिळायची मारामार होती, पण आमचा ऑक्सिजनचा आकडा बरा होता म्हणून डॉक्टर म्हणाले घरीच राहा. आम्ही दोघं वरच्या खोलीत, पोरगी आणि माझी आई खाली. सतरा दिवसांत निभावलं.

आता दीड महिना होत आला. पोरीला सर्दी नाही, ताप नाही. दोनदा तपासणी केली, निगेटिव्ह. पण ऑक्सिमीटर हातातून सुटत नाही. उठली की लावते, जेवायच्या आधी लावते, जेवल्यावर लावते, रात्री दोनला पाणी प्यायला उठली तरी लावते. परवा मी लक्ष ठेवून मोजलं, झोपेपर्यंत चाळीस वेळा झालं. आकडा ९८, ९९. तरी म्हणते, "बाबा, श्वास पुरत नाहीये." छातीत धडधड, हाताला मुंग्या, ओठ बधिर. पंधरा-वीस मिनिटांत थांबतं. मग रडते आणि झोपते.

छातीचा फोटो, रक्त, सगळं केलं. नॉर्मल. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी "काही नाही, वय आहे" म्हणून व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या. मशीन एकदा लपवून ठेवलं तर तिने घर डोक्यावर घेतलं. आई म्हणाली दृष्ट काढ, काढली. बायको म्हणते मानसोपचारवाल्यांकडे नेऊ. मी म्हटलं, पोरगी काय वेडी आहे का?

कुणाच्या घरी असं काही आहे का? मशीन काढून घ्यावं की राहू द्यावं?

भडंगवाला | १४ जून २०२१, रात्री ११:५२

ऑक्सिमीटर काढून जुना पाऱ्याचा थर्मामीटर द्या हातात. एकेका वेळेला पाच मिनिटं तरी जातील, चाळीस व्हायचे नाहीत.
(गंमत केली दादा. बरी होईल पोरगी.)

चिंचबन | मंगळवार, १५ जून २०२१, सकाळी ७:१०

हळकुंडदादा, तुम्ही एकटे नाही. आम्ही हरिपूर रोडला राहतो. माझा मुलगा पंधराचा. त्याचं तुमच्या मुलीच्या उलट. त्याला कशाचीच पर्वा नाही असं वाटतं. पहाटे चारला झोपतो, ऑनलाइन वर्गाला 'हजर सर' टाइप करून परत आडवा. कॅमेरा बंद. आधी रोज संध्याकाळी सायकल काढून संगमापर्यंत जायचा. आता कचरा टाकायला खाली जा म्हटलं तरी पोटात दुखतं म्हणतो. मी आळस समजून बोल बोल बोलले. परवा कळलं, खरंच दुखतं. जिन्यावर शेजारचे भेटले तर बोलायचं काय, याने दुखतं.

आबा_पाटणकर | १५ जून २०२१, सकाळी ९:३०

वय वर्षे ७०, त्यामुळे स्पष्ट बोलतो. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. आमचं गाव पाटण तालुक्यातलं. घराची भिंत आमच्या बैलावर पडली. कुणी आम्हाला विचारलं नाही 'बाळा, मन कसं आहे'. दुसऱ्या दिवशी दगड उचलायला लागलो. मार्चात मॅट्रिकला बसलो आणि पास झालो. आजकाल पोरांना जरा काही झालं की त्याला इंग्रजी नाव. मुलीला घरकामाला लावा, सकाळी सूर्यनमस्कार घालायला लावा, मोबाइल काढून घ्या. आठ दिवसांत मशीन विसरेल.

नुसता_वाचक | १५ जून २०२१, सकाळी ९:४१

आबांशी सहमत. +१

अर्धवटराव | १५ जून २०२१, सकाळी १०:०५

आबा, आदर आहेच. पण भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी दगड उचलायला अख्खं गाव एकत्र होतं ना? इथे दगड पण नाही आणि गाव पण नाही. चार भिंती, एक मोबाइल, आणि त्या मोबाइलवर रोज 'भावपूर्ण श्रद्धांजली'.

तानपुरा | १५ जून २०२१, दुपारी ३:२०

मी मिरजेत असतो, बालरोगतज्ज्ञ आहे. मानसोपचार हा माझा विषय नाही, पण गेल्या चार महिन्यांत 'श्वास पुरत नाही' म्हणणारी आणि छाती स्वच्छ असणारी इतकी मुलं पाहिली की लिहायलाच हवं.

हळकुंड, तुम्ही केलेलं वर्णन बऱ्यापैकी पॅनिक अटॅकचं आहे. इथून निदान करत नाही, पण तपासण्या झाल्यात, त्या चांगल्या आहेत, तेव्हा पुढचं सांगतो. अशा वेळी श्वास कमी पडत नसतो, जास्त होत असतो. भीतीने माणूस भराभर आणि वरवर श्वास घेतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड नको तितका कमी होतो, आणि त्याच्यानेच मुंग्या येतात, ओठ बधिर होतात, गरगरतं. ऑक्सिजन भरपूर असतो, म्हणूनच आकडा ९९. म्हणजे मशीन बरोबर सांगतंय आणि तुमची मुलगीही खोटं बोलत नाहीये, तिला खरंच गुदमरल्यासारखं होतंय. साधारण दहा मिनिटांत लाट टोकाला जाते आणि मग ओसरते. त्या वेळी 'खोल श्वास घे' म्हणू नका, उलटं होतं. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लावायला सांगा. तोंडाला कागदी पिशवी लावायचा प्रकार अजिबात नको.

मशीनबद्दल: ते गजकर्णासारखं आहे. खाजवलं की बरं वाटतं, आणि खाजवल्यानेच पसरतं. प्रत्येक वेळी ९९ दिसलं की पाच मिनिटं सुटका, मग मेंदू म्हणतो 'बघितलं म्हणून वाचलो, परत बघ'. पण एकदम हिसकावूही नका. हळूहळू कमी करायचं असतं, आणि ते करायला समुपदेशक लागतो. तिला वेडी कुणी म्हणत नाहीये. हे औषधाविना, नुसत्या बोलण्याच्या उपचारानेही पुष्कळदा सुधारतं.

आबा, सूर्यनमस्कारांना माझा विरोध नाही. मोबाइल सरसकट काढून घ्यायला आहे. त्यातच तिची शाळा आहे आणि मैत्रिणीही त्यातच आहेत.

सोन्यासारखा_माणूस | १५ जून २०२१, दुपारी ४:०२

[प्रतिसाद संपादित]

व्यवस्थापक | १५ जून २०२१, दुपारी ४:३०

वरच्या प्रतिसादातलं गोळीचं नाव काढलं आहे. कुणाला कितीही गुण आला असला तरी सोळा वर्षांच्या मुलीला इथून गोळ्या सुचवू नयेत.

इस्लामपूरकर | १५ जून २०२१, रात्री ८:१५

आमची कहाणी गेल्या वर्षीची. मार्च २०२० ला राज्यात आमच्या गावाचं नाव दिवसरात्र टीव्हीवर होतं. सौदीहून आलेल्या चार जणांपासून सुरू झालं आणि आकडा २६ वर गेला. सगळे बरे होऊन घरी आले, पुढे त्याचा 'इस्लामपूर पॅटर्न' म्हणून गौरवही झाला. पण ते पुढं. त्या पंधरा दिवसांत पेठा सील, पत्रे ठोकलेले, दूधवाला यायला तयार नाही. सांगलीतले सख्खे पाहुणे फोनवर पण दोन हात लांब बसून बोलत होते.

माझी मुलगी तेव्हा तेरा वर्षांची. तिने शिंक दाबायला शिकून घेतलं. शिंक आली की पळत जाऊन तोंड उशीत. का, तर कुणी ऐकलं आणि गाडी आली तर? आज सव्वा वर्ष झालं, अजून ती घरातसुद्धा मोकळी शिंकत नाही. याला आजार म्हणायचं की शहाणपण, मला कळत नाही.

भडंगवाला | १५ जून २०२१, रात्री ८:४०

दूधवाल्यावरून आठवलं, त्या काळात आमच्याकडे भडंग पण ब्लॅकने मिळत होतं. तिखट कमी, भाव जास्त.

सातारी_कंदी | १५ जून २०२१, रात्री ९:००

भडंगाचं कौतुक सांगलीकरांनी किती करावं. आमच्या पेढ्याला लॉकडाऊनमध्ये पण चव होती.

बरं, विषयावर येतो. सगळे शाळेच्या पोरांबद्दल बोलताय. आमच्या कोरेगावकडच्या गावातली सैन्यभरतीची पोरं कुणाच्या डोळ्यांसमोर नाहीत. माझा भाचा लॉकडाऊन लागला तेव्हा अठराचा होता. मिसरूड फुटायच्या आधीपासून पहाटे रस्त्यावर पळतोय. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत काढतो. आता भरतीच नाही. शिपायाची वयोमर्यादा २१, भाचा विसाव्यात. वय काही लॉकडाऊन पाळत नाही. पोरगं बोलत नाही, जेवत नाही, पहाटे तीनला उठून पळायला जातं, दोनदा पोलिसांनी हटकलं. त्याला 'अँक्झायटी आहे' म्हणालो तर म्हणतो, मामा असलं काही कागदावर आलं तर मेडिकलला बाद करतील. आता सांगा, त्याला कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं?

तानपुरा | १५ जून २०२१, रात्री १०:१०

सातारी, समुपदेशकाशी झालेलं बोलणं गोपनीय असतं, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला तो हक्कच दिलाय. साताऱ्यात 'परिवर्तन' संस्थेची माणसं या क्षेत्रात वर्षानुवर्षं आहेत, तिथे विचारून बघा. पण भाच्याची भीती मला समजते. पहाटे तीनचं पळणं आणि जेवण तुटणं याकडे मात्र दुर्लक्ष नको.

सतरावं_वरीस | बुधवार, १६ जून २०२१, रात्री १:२५

हा धागा आमच्याबद्दल आहे आणि इथे आमच्यातलं कुणीच नाही म्हणून आयडी काढला. वय आयडीत आहे. तासगाव.

आबा, मोबाइल काढून घ्या म्हणणं सोपं आहे. मी बारावीत. माझे मित्र म्हणजे आता हिरवे ठिपके आहेत, तेवढंच दिसतं कोण जिवंत आहे ते.

आम्हाला कोरोना होईल याची भीती मला कधीच वाटली नाही. टीव्हीवर वर्षभर सांगत होते, मुलांना विशेष काही होत नाही पण ती घरच्या म्हाताऱ्यांना देतात. पप्पांची बेदाण्याची गाडी असते, मी मोजणीला जायचो. घरी आलो की आंघोळ, मग आज्जीच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून बोलायचं. आज्जी म्हणायची ये की जवळ, मी म्हणायचो उद्या. आज्जी गेल्या नोव्हेंबरला गेली. कोरोनाने नाही, म्हातारपणाने. आता सगळे म्हणतात, बघ, तू उगाच घाबरत होतास.

हळकुंड काका, दोन प्रश्न. तुम्ही दोघं वर होता तेव्हा तुमचे ऑक्सिमीटरचे आकडे खाली कोण लिहून घेत होतं? आणि ते खरे होते का?

नुसता_वाचक | १६ जून २०२१, सकाळी ८:००

सतरावं_वरीस, आबांना दिलेलं माझं +१ परत घेतलं.

जतची_बाई | १६ जून २०२१, दुपारी १:४५

जत तालुक्यात माध्यमिक शाळेत शिकवते. माझ्या नववीच्या वर्गात स्वतःचा मोबाइल असलेली मुलगी एक. बाकीच्यांच्या घरी एकच फोन, तो बापाच्या खिशात, बाप रानात. रात्री नऊला बाप आला की मुलगी अभ्यासाचे फोटो बघणार, तेवढ्यात रिचार्ज संपलेला.

पण त्यांची काळजी अभ्यासाची नाहीच. शाळा बंद म्हणजे पोरगी घरी बसलेली, आणि घरी बसलेली पोरगी पाहुण्यांच्या डोळ्यांवर येते. पंचवीस माणसांत लग्न उरकतं, खर्च वाचतो. फेब्रुवारीत एक मुलगी वहीत शेवटच्या पानावर लिहून गेली, 'बाई शाळा परत बंद करू नका'. मार्चात बंद झाली. एप्रिलमध्ये तिचं ठरलं. मला कळलं तसा मी १०९८ ला, मुलांच्या मदतीच्या नंबरला, फोन लावला, गावात शिव्या खाल्ल्या, लग्न थांबलं. पोरगी आता माझ्याशी बोलत नाही. तिला झोप लागत नाही असं तिची बहीण सांगते. या मुलीला समुपदेशक कुठला आणि व्हिडिओ कॉल कुठला?

चिंचबन | १६ जून २०२१, दुपारी २:१०

बाई, दंडवत.

हळकुंड | १६ जून २०२१, रात्री ११:३०

सतरावं_वरीस, तुझा प्रश्न सकाळी वाचला. दुकानात बसून दिवसभर तोच डोक्यात.

आकडे तीच लिहून घेत होती. दर चार तासांनी खालून फोन करायची, "बाबा किती? आई किती?" चौकटीची वही केली होती, निळ्या शाईने मी, लाल शाईने आई. रात्री बाराचा आणि पहाटे चारचा फोनही तीच करायची, गजर लावून. आम्हाला कौतुक वाटायचं. पाहुण्यांना सांगायचो पोरगी नर्स झालीय.

सातव्या रात्री माझा आकडा ९१ आला. मी तिला ९५ सांगितलं. सोळा वर्षांच्या पोरीला रात्री बाराला काय सांगणार? बायकोने डॉक्टरांना फोन लावला, ते म्हणाले बेड शोधा, तोवर पालथं झोपवा. बेड मिळाला नाही. पहाटेपर्यंत पालथा पडून राहिलो, ९५ वर आलो. निभावलं. सकाळी बायको गॅलरीतून भावाला फोनवर सांगत होती, "रात्री ९१ झालं होतं." पोरगी खाली अंगणात तुळशीला पाणी घालत होती.

तिने मला कधीच विचारलं नाही. आत्ता जाऊन वही बघितली. सातव्या रात्रीचा निळा ९५ खोडून ९१ केलाय. त्याच्या पुढचे सगळे निळे आकडे पेन्सिलने गोल केलेत.

इथे पण मी 'आकडा बरा होता' असंच लिहिलं होतं, हे आता दिसतंय.

अर्धवटराव | १६ जून २०२१, रात्री ११:५८

...

तानपुरा | गुरुवार, १७ जून २०२१, सकाळी ६:५०

पहिल्यांदा डॉक्टर म्हणून रागावतो. ९४ च्या खाली गेल्यावर घरी थांबायचं नसतं. बेड नव्हता हे मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे, तरी रागावतो.

आता समजलं ती मशीनच का मागते. तोंडी सांगितलेलं तिला पुरत नाही, कारण तोंडी सांगितलेलं एकदा खोटं निघालं. 'काही होणार नाही' असं तुम्ही शंभर वेळा म्हणाल तरी उपयोग नाही. समुपदेशकाकडे जाताना ती वही घेऊन जा. आणि जायच्या आधी तिला सांगा की तुम्ही वही पाहिलीत.

आबा_पाटणकर | १७ जून २०२१, सकाळी ११:१५

परवा लिहिलं त्यात एक गोष्ट गाळली होती. हळकुंडांनी खरं लिहिलं तर मीही लिहितो.

भूकंपानंतर धक्के थांबले नव्हते. आम्ही कित्येक दिवस अंगणात झोपलो, पुढे घराची डागडुजी झाल्यावर आत आलो. माझी बहीण तेव्हा चौदाची. ती आत आलीच नाही. पावसाळा लागला तरी पडवीत, दाराला पाठ लावून. वडील मारायचे, मी हसायचो. लग्न होऊन सासरी गेली तरी पहिलं वर्ष तिथे ओसरीवर झोपली, त्यावरून तिला काय काय ऐकावं लागलं ते तिलाच ठाऊक. आज ती ६८ वर्षांची आहे. काल रात्री फोन करून विचारलं, आता कुठं झोपतेस? म्हणाली, दाराजवळच. मॅट्रिक पास झालो ते मी. ती नाही.

सूर्यनमस्काराचं मागे घेत नाही. बाकीचं घेतो.

हळकुंड | रविवार, १८ जुलै २०२१, रात्री १०:००

मंडळी, महिन्याने आलो. परवा १६ तारखेला निकाल लागला. राज्याचा ९९.९५ टक्के. पोरीला ८९.

समुपदेशक ताईंकडे चार वेळा झालं. मशीन तिच्याकडेच आहे. लावायच्या वेळा ठरवल्यात, आधी दहा, मग सहा, आता तीन. लावायच्या आधी कागदावर अंदाज लिहायचा. मधल्या वेळी तिने विचारलं 'बाबा मला काही होणार नाही ना', तर आम्ही 'नाही गं' म्हणायचं नाही. 'आता नाही सांगता येत, सातला बघू' एवढंच म्हणायचं. पहिले आठ दिवस हे म्हणताना माझाच जीव जायचा. शिवाय घरात खोटे आकडे बंद, म्हणून तिला यंदाच्या अडतीचा हिशोबही दाखवला. तो बघून म्हणाली, बाबा मशीन तुम्हालाच लावा.

आता नवीनच. ८९ बघून रडली. निकालाचं गणित असं आहे: शंभरातले ५० नववीचे, ३० दहावीतल्या अंतर्गत मूल्यमापनाचे, २० गृहपाठ-प्रात्यक्षिकाचे. सांगलीच्या पोरांची नववी कुठली? २०१९-२०. ऑगस्टमध्ये महापूर, आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर. शाळा बंद, निम्म्या पोरांची दप्तरं चिखलात. आणि मार्चात लॉकडाऊन, वार्षिक परीक्षाच नाही. म्हणजे पुराने खाल्लेल्या सहामाहीवर नववीचा निकाल आणि त्या नववीवर अर्धी दहावी. ती म्हणते, हे मार्क माझे नाहीतच, चांगले पण नाहीत आणि वाईट पण नाहीत.

सतरावं_वरीस | १८ जुलै २०२१, रात्री १०:२०

आमच्या बारावीचं पण तेच. भावकीत नाव पडलंय 'कोरोना पास'. निकालाचे पेढे देईन म्हटलं तरी हसतात.

सातारी_कंदी | १८ जुलै २०२१, रात्री १०:३३

पेढे साताऱ्याचे आणा, हसायची हिंमत होणार नाही.

हळकुंड | बुधवार, २८ जुलै २०२१, सकाळी ९:३०

सुखरूप आहोत. पुराचं पाणी ५४ फुटांच्या वर गेलं होतं. गावभागातले चुलते सहकुटुंब आमच्याकडे, घरात अकरा माणसं. बायको घाबरली होती की पोरीचं परत सुरू होईल. ती दर तासाला आयर्विनची पातळी बघायची, पण तेवढंच. इशारा पातळी ४०, धोका ४५, आत्ता इतकं, असं सगळ्यांना वाचून दाखवायची. चुलत्यांची कागदपत्रं प्लॅस्टिकमध्ये बांधून माळ्यावर तिनेच टाकली. मी ताईंना फोन करून विचारलं हे कसं काय? त्या म्हणाल्या, हा आकडा तिच्यापासून कुणी लपवत नाही.

आबा_पाटणकर | २८ जुलै २०२१, दुपारी १२:००

आमच्या पाटण तालुक्यात दरडींनी आंबेघर, मिरगावची घरं गिळली. तिथल्या पोरांचं काय होणार या विचाराने झोप नाही. बहिणीचा दोनदा फोन येऊन गेला. या वेळी मी हसलो नाही.

हळकुंड | गुरुवार, १२ ऑगस्ट २०२१, रात्री ११:००

इतकं छान लिहून झाल्यावर परवा रात्री परत झालं. दोन महिन्यांतला सगळ्यांत मोठा. कारण ऐकून हसू येईल. अकरावीच्या सीईटीचा अभ्यास करत होती, २१ ऑगस्टला होती. तेवढी तरी खरी परीक्षा देऊन माझे खरे मार्क बघीन म्हणत होती. १० तारखेला हायकोर्टाने सीईटीच रद्द केली. बाकीच्या पोरांनी फटाके फोडले म्हणे. आमची रात्री दोन वाजता ओठ बधिर करून बसली.

मी शेजारी बसलो. काही म्हटलं नाही. वीस मिनिटांनी तिनेच मशीन लावलं, आधी कागदावर '९८' लिहून. ९८ आला. मग म्हणाली, एवढ्या एका पेपरात मला पैकीच्या पैकी.

तानपुरा | रविवार, २२ ऑगस्ट २०२१, सायंकाळी ६:००

परत होणं म्हणजे वाया जाणं नव्हे, उतार-चढाव होतच राहतात.

इथे 'आमचीच पोरं नाजूक' असा सूर अधूनमधून येतो म्हणून सांगतो. या महिन्यात 'जामा पीडिअॅट्रिक्स' या नियतकालिकात निरनिराळ्या देशांतले २९ अभ्यास एकत्र करून एक लेख आलाय. एकूण ८०,८७९ मुलं आणि किशोरवयीन. त्यांतल्या २०.५ टक्क्यांमध्ये काळजीची आणि २५.२ टक्क्यांमध्ये नैराश्याची दखल घेण्याजोगी लक्षणं. लक्षणं म्हणजे निदान नव्हे. पण पाचातलं एक धरलं तरी प्रत्येक बाकाच्या रांगेत कुणीतरी आहे. आपल्याकडे बाकच रिकामे आहेत, त्यामुळे दिसत नाहीत.

जतची_बाई | मंगळवार, ५ ऑक्टोबर २०२१, सायंकाळी ७:२०

काल शाळा उघडली! ती मुलगी आली. शेवटच्या बाकावर बसली. माझ्याकडे बघितलं नाही. पण आली.

सातारी_कंदी | शनिवार, १८ जून २०२२, रात्री ९:१५

धागा वर काढतोय. १४ तारखेला सैन्यभरतीची, चार वर्षांच्या नोकरीची अग्निपथ योजना जाहीर झाली. आधी २१, मग या एका वर्षापुरती वयाची अट २३ केली. भाच्याला बातमी सांगितली तर एवढंच म्हणाला, 'चार वर्षं?' आणि बूट घालून पळायला गेला. जेवतो आता बऱ्यापैकी. साताऱ्यात दोन-तीनदा बोलून आला, घरात कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

गौरीचीआई | रविवार, २ जुलै २०२३, दुपारी ३:००

जुना धागा शोधताना सापडला, एका बैठकीत वाचला. माझी मुलगी तेराची, आठवीत. चौथीतून थेट सातवीत गेल्यासारखं झालंय तिचं. मधली दोन वर्षं पडद्यावर. आता वर्गात नाव पुकारलं की हात थरथरतात, तास संपेपर्यंत पोटात गोळा. शाळेत सांगितलं तर म्हणाले 'सगळ्यांचंच आहे'. तीन तास बसून लिहायची सवय नाही म्हणून सहामाहीला पेपर अर्धा कोरा. कोरोना संपला म्हणतात सगळे. मग हे काय?

तानपुरा | २ जुलै २०२३, दुपारी ४:१०

गेल्या ऑक्टोबरपासून १४४१६ ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी 'टेलिमानस' फोनसेवा सुरू झालीय, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. सुरुवात तिथून करा. फोन तिच्या हातात द्या आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत जा.

हळकुंड | २ जुलै २०२३, रात्री ९:४५

गौरीच्या आई, मुलीला 'काही नाही होत' एवढं मात्र म्हणू नका, बाकी डॉक्टरांनी सांगितलंय तसं.

आमची बारावी झाली, पुरा अभ्यासक्रम, तीन तासांचे खरे पेपर. आता कोल्हापूरला शिकते. अजून वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी होतं, तेव्हा फोन करते. मी बाकी काही विचारत नाही, 'अंदाज किती?' एवढंच.

हा अख्खा धागा तिला आज वाचायला दिला. आधीच द्यायला हवा होता. दोन ठिकाणी तिला राग आला, ते आमच्यात राहू दे. आणि एक दुरुस्ती करायला सांगितलीय: त्या दिवशी चाळीस वेळा नव्हतं, सव्वीस वेळा होतं. माझं मोजणं चुकलं. तिच्या वहीत आहे.